जकातीने बाल संरक्षण कक्ष चालत नाही

आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य मोठ्या अभिमानाने बोलले जाते. ‘आमचे यतीम आम्ही सांभाळतो, आम्हाला सरकारच्या दारात जायची गरज नाही.’ रमजानमध्ये चंदा गोळा करताना, जलशात, जमातच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे ते ऐकू येते. मला या वाक्याचा राग येतो. एक तर ते खरे नाही. आणि दुसरे म्हणजे ते ऐकून मंत्रालयात कोणाला वाईट वाटत नाही, उलट बरेच वाटत असेल. जो हक्क कोणी मागतच नाही, त्याच्यासाठी अर्थसंकल्पात पैसे ठेवायची घाई कोण करील?

मी गेली सहा वर्षे मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बायाबापड्यांचे अर्ज भरून देते. रेशन, शिष्यवृत्ती, विधवा पेन्शन आणि बालसंगोपन. त्यातून जे दिसले ते लिहिते आहे. तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत, ज्यांच्या हातात मोबाईल आहे आणि ज्यांना सरकारी मराठी वाचता येते, त्यांच्यासाठी हे आहे. सरकारी मराठी वाचता येणे ही आपल्या मोहल्ल्यात आजही मोठी ताकद आहे.

आधी कायदा. २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा आहेत पण सांभाळू शकत नाहीत, जे रस्त्यावर आहे, कामाला जुंपले आहे, ज्याचे लग्न लावून टाकायचा घाट घातला आहे, ते मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिने महिन्यातून किमान २० दिवस बसायचे असते. मुलाला संस्थेत टाकणे हा शेवटचा उपाय, आधी घर, हेही कायद्यातच लिहिले आहे. यात कुठेही ‘दया’, ‘उपकार’ असा शब्द नाही. हिंदू मूल, मुसलमान मूल असाही फरक नाही.

आता पैसा. हा कायदा चालवायला २००९ साली केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली. तिचेच आजचे नाव मिशन वात्सल्य. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटलेला आहे. २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अख्ख्या देशाच्या मिशन वात्सल्यसाठी १,५०० कोटी रुपये ठेवले. एकूण अर्थसंकल्प होता सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा. हिशेब करून बघा, शंभर रुपयांत तीन पैसे येतात. आणि राज्याने आपला हिस्सा वेळेत टाकला नाही, खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रे पाठवली नाहीत, तर केंद्राचा पुढचा हप्ताही अडतो. मग दिल्ली मुंबईकडे बोट दाखवते, मुंबई दिल्लीकडे दाखवते, आणि जिल्ह्यातल्या कंत्राटी समुपदेशक बाई चार महिने मानधनाशिवाय काम करतात.

कंत्राटी हा शब्द मुद्दाम लिहिला. जिल्हा बाल संरक्षण कक्ष नावाची एक यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात आहे. मूळ आराखड्यात तिला एक अधिकारी, दोन संरक्षण अधिकारी, एक विधी व परिविक्षा अधिकारी, एक समुपदेशक, दोन सामाजिक कार्यकर्ते, दोन क्षेत्र कार्यकर्ते आणि हिशेब-संगणकाची माणसे, अशी डझनभर पदे होती. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. ६१ लाखांना दोन सामाजिक कार्यकर्ते! तेही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, दर वेळी नोकरी राहते की जाते या धास्तीत. मालेगावच्या गल्लीत जाऊन एखाद्या घराची चौकशी करायची, मुलाशी बोलायचे, शाळेत विचारायचे, अहवाल लिहायचा, हे सगळे त्यांनी करायचे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा खटल्याच्या निकालात समित्या, मंडळे, आयोग यांतल्या जागा भरा, माणसे द्या, असे राज्यांना बजावले होते. निकाल वाचायला छान आहे.

पण मिशन वात्सल्यचे जाऊ द्या, तिथे केंद्राकडे बोट दाखवायची सोय आहे. महाराष्ट्राची स्वतःची, पूर्णपणे राज्याच्या पैशाने चालणारी योजना घ्या. बालसंगोपन. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. मूल संस्थेत न टाकता घरात, नात्यातल्या माणसाकडे वाढावे म्हणून महिन्याला पैसे मिळतात. आधी १,१०० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये २,२५० झाले. म्हणजे दिवसाला ७५ रुपये.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती आपल्या भाषेतच अडकली आहे. मराठीत अनाथ म्हटले की आई नाही आणि बापही नाही असे मूल डोळ्यासमोर येते. आपल्याकडे यतीम म्हणजे ज्याचा बाप गेला ते मूल. आई जिवंत असली तरी ते यतीमच. आता सरकारी कागद बघा. बालसंगोपन योजना फक्त अनाथांसाठी नाही. एक पालक वारलेला, आईबापांचा तलाक झालेला, आई किंवा बाप दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेला किंवा तुरुंगात असलेला, अशी मुलेही त्यात बसतात. म्हणजे आपण ज्याला यतीम म्हणतो ते जवळजवळ प्रत्येक गरीब मूल या योजनेत बसते. पण अम्मी म्हणते, ‘ते अनाथांचे आहे, मी जिवंत आहे ना अजून.’ असे म्हणून अर्ज न केलेल्या किमान वीस घरांत मी गेले आहे. त्यांना हे सांगायला सरकारचा एकही माणूस कधी आला नव्हता. कोण येणार, जिल्ह्याला दोन कार्यकर्ते.

अर्ज करायचा ठरला तर पुढचा रस्ता असा. पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दफन झाले, कब्रस्तानची पावती घरी कुठेतरी ठेवली, बाई इद्दतमध्ये बसली, चार महिने दहा दिवस गेले. दीरानेही नोंद केली नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय दाखला निघत नाही. मग उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तहसील. शाळेचे बोनाफाईड, मुलाचे आधार, बँकेचे खाते. मुलाचे नाव शाळेत ‘मोहंमद’, आधारवर ‘मोहम्मद’, जन्मदाखल्यावर नुसते ‘मो.’. हसू नका, या एका टिंबापायी मी एका मुलाचा अर्ज तीनदा परत आलेला पाहिला आहे. सगळे जमले की बालकल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जायचे. समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. मालेगावहून नाशिक शंभरेक किलोमीटर. बाईची एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे जाते. त्या दिवशी समितीची गणसंख्या भरली नाही तर पुढची तारीख.

आणि मंजूर झाल्यावर? मी अर्ज भरलेल्या एका मुलीचे पैसे नऊ महिने आले नाहीत, मग एकदम चार महिन्यांचे आले. उरलेल्या पाचांचे काय, हे विचारायला तिची आई कार्यालयात गेली तर ‘ग्रँट आली नाही’ एवढे उत्तर मिळाले. ग्रँट म्हणजे कोण, ती कुठून येते, कोणी अडवली, हे त्या बाईने कोणाला विचारायचे? नऊ महिन्यांत त्या मुलीची शाळा सुटून ती मावशीच्या घरी भांडी घासायला लागली असती तर ती बालकामगार म्हणून पकडली गेली असती. तेव्हा मात्र गाडी वेळेवर आली असती.

मला हेच म्हणायचे आहे. सरकार बाल संरक्षणाच्या माणसांवर खर्च करत नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तिथे पोलीस येतात. कारण पोलिसांचा पगार दर महिन्याला होतो.

मनमाडची गोष्ट आठवते ना? ३० मे २०२३. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुले दानापूर–पुणे एक्स्प्रेसने पुणे आणि सांगलीच्या मदरशांत शिकायला येत होती. मुलांच्या तस्करीची खबर आहे म्हणून त्यांतल्या काहींना भुसावळला आणि बाकीच्यांना मनमाडला गाडीतून उतरवले. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला. सुमारे चार आठवडे ते आत होते. मुले सुमारे बारा दिवस नाशिक आणि भुसावळच्या निवारागृहांत राहिली, मग परत बिहारला गेली. वर्षभराच्या आत पोलिसांनी स्वतःच प्रकरण बंद केले. तस्करी नव्हती, गैरसमज झाला होता. बातमी पहिल्या दिवशी पहिल्या पानावर आली होती. बंद झाल्याची किती जणांनी वाचली?

यावर आपण खूप बोललो. टोपी बघून संशय, मदरसा म्हटले की संशय. ते खरेच आहे, मी ते नाकारत नाही. पण एक प्रश्न आपण कोणीच विचारला नाही. त्या रात्री मनमाडला मुलांशी बोलायला त्यांची बोली समजणारा समुपदेशक होता का? अररियाच्या बाल संरक्षण कक्षाला फोन लावून ‘या पत्त्यावर जा, आईबापांना विचारा’ असे सांगायची, आणि तिकडून दुसऱ्या दिवशी उत्तर यायची व्यवस्था होती का? कायद्यात हे सगळे आहे. त्याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. दोन्ही जिल्ह्यांत पुरेशी माणसे, एक गाडी आणि चालू फोन असता तर हे काम दोन-तीन दिवसांचे होते. त्याऐवजी तपास पोलिसांनी केला, पोलिसांच्या पद्धतीने आणि पोलिसांच्या गतीने. पूर्वग्रहाला वाव मिळतो तो अशाच रिकाम्या जागेत. प्रशिक्षित माणूस समोर असता तर तोही कदाचित पूर्वग्रहाने वागला असता, पण त्याला लेखी कारण द्यावे लागले असते आणि आपल्याला त्यावर अपील करता आले असते.

आता घरातली गोष्ट, कारण ती टाळली तर हा लेख अर्धा राहील. पोलिसांचे म्हणणे होते की सोबतच्या लोकांकडे पुरेशी कागदपत्रे नव्हती. ५९ मुले दीड हजारांहून जास्त किलोमीटरवर न्यायची आणि प्रत्येकाच्या पालकाचे लेखी संमतिपत्र, फोन नंबर, प्रवेशाचे पत्र, मुलांची यादी सोबत ठेवायची नाही, हे कोणत्या भरवशावर? निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केली पाहिजे, सरकारी अनुदान घेत असो वा नसो, हे कायद्याचे ४१ वे कलम सांगते. आपले काही ट्रस्टी म्हणतात, ‘नोंदणी केली की तपासणीला येतील.’ येऊ द्या की! ज्या घरात मुले राहतात तिथे बाहेरचा माणूस अचानक येऊन स्वयंपाकघर, संडास आणि मुलांच्या पाठी बघून गेलाच पाहिजे. मुलांवरचे अत्याचार सगळ्या धर्मांच्या, सगळ्या नावांच्या संस्थांत झाले आहेत आणि ते बंद दारांमागेच झाले आहेत. आणि तस्करी ही काही कल्पना नाही. मुंबईतल्या जरीच्या, बॅगांच्या कारखान्यांतून बिहारची पोरे सोडवली जातात, त्यांत आपली पोरे असतात आणि अनेकदा मालकही आपलेच असतात. त्या मालकाची जकात घेताना आपण त्याला काय विचारतो?

शिवाय जकात हे काम करूच शकत नाही. जकातीने वह्या, कपडे, फी देता येते, आणि ती द्यावी. जकातीने समितीचा आदेश निघत नाही. छळणाऱ्या सावत्र बापाच्या घरातून मुलीला कायदेशीर बाहेर काढता येत नाही. काकाने बळकावलेली यतीमची जमीन परत मिळवता येत नाही, आणि यतीमच्या मालमत्तेबद्दल कुरआनने किती कडक शब्दांत बजावले आहे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. १०९८ ला रात्री दोन वाजता फोन उचलला जात नाही. हा नंबर मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाला, वर्षानुवर्षे स्वयंसेवी संस्थांनी चालवला आणि २०२३ मध्ये सरकारने आपल्या हाताखाली घेतला. सरकारने घेतला म्हणजे आता तो पुरेशा माणसांनिशी चालवण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे.

जाता जाता एक शंका दूर करते, कारण मौलाना मंडळी ती नेहमी काढतात. ‘दत्तक आपल्यात नाही.’ ठीक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सांगितले की तेव्हाच्या बाल न्याय कायद्याखालचे दत्तक ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे, कोणावर सक्ती नाही. आणि ज्याला नको त्याच्यासाठी याच कायद्यात प्रतिपालकत्व आहे. मुलाचे नाव, वंश, वारसा तोच राहतो, फक्त सांभाळ दुसऱ्या घरात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, जी भारताने १९९२ मध्ये स्वीकारली, काळजीचा एक मार्ग म्हणून कफालाचे नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे अडचण धर्माची नाही. प्रतिपालक घरे शोधणार कोण, तपासणार कोण, पुन्हा पुन्हा भेट देणार कोण, ही अडचण आहे, आणि ती पैशाची आहे.

पैसा नाही असे मात्र सांगू नका. २०२४ च्या जून अखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि राखीपौर्णिमेच्या आत लाखो बायकांच्या खात्यात पैसे पडले. २०२५–२६ मध्ये तिच्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद झाली. माझ्या चाचीला ते दीड हजार मिळतात आणि ते बंद व्हावेत असे मी कधीही म्हणणार नाही. पण यातून एक सिद्ध झाले की इच्छा असली तर हे सरकार सात-आठ आठवड्यांत अर्ज, खाते, पडताळणी, हप्ता सगळे करू शकते. मग यतीमच्या ७५ रुपयांना नऊ महिने का लागतात? बहिणीला मत आहे. आठ वर्षांच्या पोराला नाही.

कोविडमध्येही हेच पाहिले. ज्यांचे दोन्ही पालक कोविडने गेले त्यांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. चांगले केले. हेरंब कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनात एकल झालेल्या महिलांसाठी राज्यभर जोर लावला, तेव्हा त्यांच्या मुलांचे बालसंगोपनचे अर्जही हलले. मागणाऱ्यांची संघटना होती म्हणून. पण टीबीने गेलेल्या, लूमच्या धुळीने छाती भरून गेलेल्या, अपघातात गेलेल्या बापाच्या मुलाचे काय? भूक मृत्यूचे कारण विचारत नाही, शासन निर्णय विचारतो. त्याहून विचित्र म्हणजे मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात त्याच परिस्थितीतल्या मुलाला महिन्याला ४,००० रुपये आहेत. तेच मूल, तेच घर. फाईल कोणत्या टेबलावर पडली यावर २,२५० की ४,००० ते ठरते. आणि त्याच मुलाला संस्थेत ठेवले तर केंद्राच्या योजनेत संस्थेला त्याच्या नावे ३,००० मिळतात. घर आधी, संस्था शेवटी असे कायदा म्हणतो. पण बालसंगोपनवर वाढणारे मूल घरात असताना सरकारला स्वस्त पडते, म्हणून निदान त्याचा हप्ता तरी वेळेत द्या.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. बालसंगोपनची रक्कम प्रायोजकत्वाइतकी, ४,००० करा. हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. बाल संरक्षण कक्षातली पदे कायम करा आणि तालुक्याला किमान एक सामाजिक कार्यकर्ता द्या. समितीने महिन्यातून एकदा तरी मोठ्या तालुक्याच्या गावी येऊन बसावे. यात मुसलमानांसाठी वेगळे काहीच मागितलेले नाही. ऊसतोड कामगाराचे पोर, पारध्याचे पोर आणि पॉवरलूमवाल्याचे पोर एकाच रांगेत उभे आहे, आणि ही मागणी त्यांच्यासोबत उभे राहूनच करायची आहे.

सुरुवात कुठून करायची, तर माहितीच्या अधिकारातून. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिहा. गेल्या तीन आर्थिक वर्षांत बालसंगोपनसाठी जिल्ह्याला किती रक्कम, कोणत्या तारखेला आली आणि किती खर्च झाली, एवढेच विचारा. बाल संरक्षण कक्षात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि बालकल्याण समिती गेल्या १२ महिन्यांत किती दिवस बसली, यासाठी दुसरा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द चालतात, म्हणून सगळे एकात कोंबू नका, नाहीतर त्याच कारणाने परत येईल. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावा, दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर तेही नको, कार्डाची प्रत जोडा. पोच घ्या, तिच्यावर तारखेचा शिक्का आहे ना बघा. उत्तराला ३० दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी त्याच कार्यालयात पहिले अपील टाका.